होडीचं खोगीर

लातूरच्या नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, त्या सालात आप्पासाहेब सरांनी होडी आणली. तीही साधी नव्हे. शेजारी शेजारी दोन लांब पोटं, मधे ताणलेलं कापड, वर शिडाची काठी. मुंबईकडच्या कुठल्याशा क्लबानं वापरून टाकलेली. ट्रकात कडब्यावर आडवी पडून ती गरुडशिखर क्लासेसच्या आवारात आली, तेव्हा गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. टँकर आला असं वाटलं होतं त्यांना.

होडी कशाला, तर मिरवायला. बारावीच्या निकालानंतर लातुरात क्लासवाल्यांच्या मिरवणुका निघत. एकानं बोर्डात आलेली पोरं हत्तीवर बसवली. दुसऱ्यानं उघड्या जीपवर फुलांचा मोर केला. आप्पासाहेबांनी मागच्या साली पोरं सजवलेल्या बैलगाडीतून काढली तर लोक म्हणाले, औंदा पोळा लवकर आला वाटतं. ते मनाला लागलं. म्हणून यंदा गुणवंत पोरं होडीत बसून बाजारपेठेतल्या गंजगोलाईला चक्कर मारणार होती, आणि दुसऱ्या दिवशी होडी नांदेडला नेऊन विष्णुपुरीच्या धरणात सोडायची होती. चार वाजता कोणी मोठे साहेब नारळ फोडणार, फोटो निघणार. होडीच्या दोन्ही अंगांना निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : यशाची नौका. लिहिणाऱ्यानं नौका जन्मात पाहिली नव्हती, आणि यशही बहुतेक दुसऱ्याचंच रंगवत आला होता.

आप्पासाहेबांचं स्वतःचं यश भूकंपानं आणलेलं. त्र्याण्णव साली किल्लारीकडं गावंच्या गावं मातीत गेली, तेव्हा हा माणूस मदतीच्या एका छावणीत ब्लँकेटं वाटायला होता. छावणी उठली. पत्र्याचं एक शेड मागं राहिलं. त्यात ह्यानं फळा टांगला. निवाऱ्याला आलेल्या पत्र्याखाली रसायनशास्त्र सुरू झालं, आणि सहा वर्षांत तिथं तीन मजले उभे राहिले. त्यावर 'तळमळीतून उभी राहिलेली संस्था' असा फलक लावला.

आता नरसिंग. ज्याची ही गोष्ट, तो.

ह्याच्याबद्दल चांगलं सांगावं असं फार नाही. अबोल, हट्टी, आणि जिथं हट्ट करायचा तिथं नेमका मऊ. माळेगावचा सुतार. माळेगाव म्हणजे लोह्याजवळचं, खंडोबाच्या जत्रेचं, जिथं घोडी विकायला येतात ते. नरसिंगचं घराणं घोड्याच्या खोगिराचे लाकडी सांगाडे करणारं. सांगाडा आधी घोड्याच्या पाठीला बेतायचा, मग वर लोकरीचा जाड नमदा आणि चामडं. बेतायची रीत त्यांच्या घरची. तेलात गेरू कालवून घोड्याच्या पाठीला चोळायचा. सांगाडा ठेवायचा, घोडं दहा पावलं चालवायचं, सांगाडा उचलून उलटा करून बघायचं. लाल जिथं दाट लागलं तिथं लाकूड टोचतंय, तिथं वाकसानं तासायचं. पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. सगळीकडं सारखा लाल उमटेपर्यंत सोडायचं नाही. कारण जिथं लाल लागतच नाही तिथं पोकळी असते, आणि पोकळीच्या कडेवर सगळा भार येऊन घोड्याची पाठ फुटते. ह्यांच्या खोगिरानं कुण्या घोड्याच्या पाठीला जखम केली असं तीन पिढ्यांत कुणी म्हणालं नव्हतं. ह्या घराची काय ती इस्टेट, ती एवढीच.

पण घोडी कमी झाली, आणि भूकंपानंतर सुताराला लातूरकडं काम लई. नव्या वसाहतींच्या चौकटी, दारं, खिडक्या. नरसिंग तिकडं गेला तो तिकडचाच झाला. चौकटी संपल्या तर बाकं सुरू झाली. क्लासेस पावसाळी छत्र्यांसारखे उगवत होते आणि दर छत्रीखाली पन्नास बाकं लागत. पुढं ह्या माणसानं एकच बाक केलं, हजार वेळा. बाक करायला अक्कल लागत नाही. पोराचं बूड दुखलं तर पोरगं घोड्यासारखी लाथ मारत नाही.

होडी आल्यावर आप्पासाहेबांनी त्याला बोलावलं.

"नरसिंग, हिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर न्यायचंय. ट्रॉलीचा डबा काढून सांगाडा ठेवलाय. त्यावर हिला बसायला काहीतरी कर."

भौतिकशास्त्राचे मुकुल सर शेजारी उभे होते. पुण्याचे. ते म्हणाले, "क्रेडल म्हणतात त्याला. प्रत्येक पोटाखाली दोन, म्हणजे एकूण चार."

नरसिंगनं होडीच्या पोटावरून हात फिरवला. एकदा बाहेरून, एकदा आतून. मग दुसऱ्या पोटावरून.

"खोगीर हाय हे," तो म्हणाला. "नुसतं उलटं. घोडं वर, खोगीर खाली."

सहा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस हसला म्हणतात. मी काही पाहायला नव्हतो, पण शेषेराव ट्रॅक्टरवाला तिथं होता आणि शेषेराव खोटं बोलतो ते फक्त डिझेलच्या बाबतीत.

बाभळीचे चार बोटं जाड ओंडके आणले. नरसिंगनं डाव्या पोटापासून सुरुवात केली. गेरू कालवला, होडीच्या पांढऱ्या अंगाला चोळला, बारा माणसं लावून ती लाकडावर टेकवली, उचलली, तासलं. होडीचं पोट पुढं निमुळतं होत गेलेलं, म्हणून लाकडाच्या खाचेला आतून उतार द्यावा लागत होता. दिवसाला वीस वेळा टेकवायची, वीस वेळा उचलायची. उचलणारी माणसं बेजार झाली. आठव्या दिवशी डावीकडची दोन्ही खोगिरं अशी बसली की मधे विडीचा कागद जाईना.

नवव्या दिवशी आप्पासाहेब दोन पालकांना होडी दाखवायला घेऊन आले. पांढरी होडी, आणि पोटाला लालभडक डाग.

"हे काय केलंस? कुत्र्यानं चावल्यासारखी दिसती!"

"गेरू हाय सर. पुसला की जाईल."

"नऊ दिवस झाले. चारातली दोन झाली. मुकुल सर, ह्याला कागदावर काढून द्या. हे खेडवळ धंदे माझ्या आवारात नकोत."

मुकुल सरांनी तयार खोगिराला कागद लावून आकार काढला. "हाच उजवीकडं."

नरसिंग म्हणाला, "सर, दोन्ही पोटं एकसारखी न्हाईत. ह्याचा फुगवटा आतल्या अंगाला हाय, बाहेरनं सपाट. उजवं त्याच्या उलट. पायताणासारखी जोडी हाय."

"मग उलटं करून बसव. आरशातली प्रतिमा झाली. दहावीला असतं हे."

"उलटं केल्यावर तोंडाचा आकार जमंल. पण आतला उतार बी उलटा व्हईल की. पुढं पाहिजे ते मागं जाईल. पोट नुसतं कडेवर टेकंल."

मुकुल सरांना ते कळलं की नाही देव जाणे. कळलं असेल तर त्यांनी ते लपवलं. आप्पासाहेब मात्र पालकांकडं बघून हसले. "बघा, आमच्याकडं मिस्त्री बी लेक्चर देतो." मग नरसिंगकडं वळून म्हणाले, "पुढच्या बॅचची तीनशे बाकं करायचीत ना तुला? मग कागदावर आहे तसं कर."

आणि ह्या माणसानं केलं. इथंच त्याची किंमत कळते. तोंडात जीभ होती, हातात वाकस होता, तीन पिढ्यांची रीत पाठीशी होती, आणि तीनशे बाकांचं नाव निघाल्याबरोबर ह्यानं सगळं खाली ठेवलं. दोन दिवसांत उजवीकडची दोन खोगिरं कागदाबरहुकूम तयार. होडी बसवली तर उजव्या पोटाखाली नरसिंगचा हात मनगटापर्यंत आत जात होता.

"सर, हात जातोय."

"मग हात काढ," आप्पासाहेब म्हणाले.

होस्टेलातली एक गादी फाडून ती पोकळीत कोंबली. वर दोरांनी आवळलं, त्यावर झेंडूच्या माळा. बाहेरून बघणाऱ्याला होडी लई ऐटीत बसल्यासारखी दिसे.

श्रावणातल्या शनिवारी मिरवणूक निघाली. चार गुणवंत पोरं मधल्या कापडावर मांडी घालून बसली, गळ्यात हार, चेहरा असा की पेपर अवघड गेलाय. पुढं बँड. गंजगोलाईच्या वळणावर ट्रॉलीला गचका बसला आणि उजव्या बाजूनं करकर असा आवाज आला. बँडच्या गोंधळात तो कुणालाच ऐकू गेला नाही. नरसिंग ट्रॉलीच्या मागं चालत होता, त्याला ऐकू गेला. त्यानं मान खाली घातली आणि चालत राहिला.

रविवारी पहाटे शेषेरावनं ट्रॅक्टर काढला. नरसिंग मडगार्डावर बसला. आप्पासाहेब आणि मुकुल सर पोरांना घेऊन जीपनं मागून येणार होते. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. रस्ता कुठं होता, कुठं नव्हता. दर खड्ड्याला उजवीकडून करकर.

"मिस्त्री, होडी काही बोलायलीय," शेषेराव म्हणाला.

"रस्ता बघ तू."

"मी रस्ताच बघायलोय. तुम्ही काय बघायलात?"



साडेदहाला माळेगाव आलं. शेषेरावला चहा पाहिजे होता. नरसिंग म्हणाला, पुढं लोह्यात पिऊ. शेषेराव म्हणाला, "तुमचं गाव असून लोह्यात कशाला?" आणि ट्रॅक्टर खंडोबाच्या माळाकडं वळवून उभा केला. गावात होडी आली म्हणल्यावर अर्ध्या घटकेत गाव गोळा. कुणी विचारलं हे इमान हाय का, कुणी म्हणालं उसाचं नवीन यंत्र हाय. त्या गर्दीतून गौरम्मा आली.

गौरम्मा नरसिंगची चुलती. देगलूरच्या पलीकडची, तेलंगी बोलीत वाढलेली. नवरा सांगाडे करायचा आणि ही त्यावर नमदा भरून चामडं शिवायची. नवरा गेल्यावर जत्रेतल्या घोड्यांची जुनी खोगिरं दुरुस्त करत होती. सत्तरीची बाई, पण तिच्यापुढं घोडेवाले विडी विझवायचे.

"येंदिरा नरशा," ती म्हणाली. त्यांच्याकडं 'काय रे'ला तसं म्हणतात. "सा वर्सांनी आलास, अन् हे काय घिऊन आलास?"

"होडी हाय काकू. नांदेडला न्यायचीय."

तिचं होडीकडं लक्षच नव्हतं. ती खाली वाकली आणि डाव्या पोटाखालच्या लाकडावरून बोट फिरवलं. मान हलवली. मग वळसा घालून उजवीकडं गेली. झेंडूची माळ बाजूला केली. गादीचा कापूस उपसून खाली टाकला आणि पोकळीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला. तो तसाच आत ठेवून तिनं विचारलं, "हे कुणी केलं?"

सगळं गाव नरसिंगकडं बघत होतं. त्यातल्या निम्म्या लोकांच्या बापांनी ह्याच्या बापाकडून खोगिरं घेतलेली.

"सायबानं," नरसिंग म्हणाला. "कागदावर काढून दिलं हुतं."

"अन् वाकस कुणी धरला? कागदानं?"

गौरम्मानं दुसऱ्या हातानं डावीकडं बोट केलं.

"ते डावीकडलं बी सायबानंच केलं का?"

"ते मी केलं."

"मंजी चांगलं तेवढं तुझं, अन् वाईट ते सायबाचं. लई सोपं हाय बाबा तुझं." तिनं हात बाहेर काढला आणि पदराला पुसला, जसा घाणीत गेला होता. "पोटाला तडा जायलाय बघ, दोऱ्यावानी. नांदेड येस्तोवर फुटतंय. हितनं न्यायचं तर ने. पण विचारलं कुणी, कुठल्या गावच्या सुतारानं केलं, तर लातूरचा म्हणून सांग. माळेगावचं नाव घिऊ नको."

ती वळून चालायला लागली. कुणीतरी खोकून हसलं. नरसिंगनं मडगार्डाखालची अवजारांची पिशवी ओढली आणि म्हणाला, "शेषेराव, दोर सोड."

"चार वाजता साहेब येणारेत, मिस्त्री."

"दोर सोड म्हणलं न्हवं?"

बारा माणसांनी होडी उचलून गौरम्माच्या अंगणात कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवली. गौरम्मानं घरातले बाभळीचे दोन जुने, वाळलेले ओंडके दाखवले आणि गेरूचं गाडगं पायानं पुढं सरकवलं. कौतुक म्हणून तेवढंच. नरसिंग तासायला बसला.

अकराला जीप आली. आप्पासाहेब उतरले ते पांढऱ्या सफारीत. कडब्यावर होडी, तिच्या अंगाला पुन्हा लालभडक गेरू, भोवती सगळं गाव.

"हा काय तमाशा आहे? चढवा ती होडी!"

"चढवतो सर. दोन खोगिरं करून चढवतो."

"किती वेळ?"

"बसंल तवा बसंल. तीन-साडेतीन तास तर लागतेत."

"अरे, साहेब चारला येणार! मग नारळ कशावर फोडायचा?"

"नारळाला काय सर, दगड बी चालतो," शेषेराव ट्रॅक्टरवरून म्हणाला.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. आवाज खाली आणून ते नरसिंगला म्हणाले, "तीनशे बाकं विसर. ह्या क्लासला पाय ठेवायचा नाही पुन्हा. अन् इतर क्लासवाल्यांनाही मी सांगणार. कळतंय का?"

नरसिंगचा वाकस थांबला. थांबला हे खरं, ते लपवायचं कारण नाही. तीनशे बाकं म्हणजे त्याचं पुढलं सबंध वर्ष होतं. त्यानं ओंडका उचलला, खाचेत फुंकर मारून भुसा उडवला.

"कळतंय सर," तो म्हणाला. "पण हितनं हे असं जाणार न्हाई. हे माझं काम हाय. दोन्हीकडलं."

आप्पासाहेब गावकऱ्यांकडं वळले. "चला रे, उचला. मी सांगतो, उचला."

एकही हात हलला नाही. त्यात न्यायाचा वगैरे भाग नव्हता. माळेगावची माणसं इतकी थोर नाहीत. पांढऱ्या सफारीतला माणूस एवढा तापलेला त्यांना फुकटात बघायला मिळत होता, तो तासभर तरी मिळावा एवढंच. कुणीतरी आप्पासाहेबांना खाटेवर बसायला सांगितलं. कुणी चहा आणला. मुकुल सर मात्र होडीजवळ गेले, उजवीकडचं जुनं खोगीर उचलून नव्या ओंडक्याशेजारी धरलं आणि बराच वेळ दोन्हींच्या आतल्या उताराकडं बघत राहिले.

"उतार उलटा झाला होता," ते शेवटी म्हणाले.

"हाव," नरसिंग म्हणाला.

"मला तेव्हा पटलं होतं थोडं."

"मला तर पुरतं पटलेलं हुतं सर, तरी केलं. तुमच्यापेक्षा मी वाईट."

आप्पासाहेब पोरांना घेऊन नांदेडला निघून गेले. नरसिंगनं अठरा वेळा होडी टेकवली आणि अठरा वेळा उचलायला लावली. बारा माणसांच्या तिसऱ्या पाळीनं शिव्या द्यायला सुरुवात केली तेव्हा सारखा लाल उमटला. गौरम्मानं दोन्ही बाजूंना हात घालून बघायचा प्रयत्न केला. बोटसुद्धा गेलं नाही. तिनं तड्यावर डांबर लावलेली चिंधी ओढून बसवली आणि भाकरी टाकायला आत गेली.

ट्रॅक्टर विष्णुपुरीला पोचला तेव्हा सहा वाजत आले होते. मोठे साहेब कधीच गेले होते. त्यांनी होडीविना भाषण केलं, नारळ पायरीवर फोडला, आणि फोटोत मागं नुसतं पाणी आलं. मुकुल सर पुस्तकात बघून शीड चढवायला लागले. वारा नव्हता, आणि असता तरी कुणाला काय कळणार होतं. होडी पाण्यात ढकलली, ती जागच्या जागी दोन गिरक्या घेऊन काठाला लागली. गुणवंत पोरांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं, म्हणून कुणी बसलं नाही. आप्पासाहेब म्हणाले, चढवा परत. नरसिंगकडं बघून म्हणाले, "तू उद्यापासून नाही."

"उद्यापासून न्हाई. पण ही लातुरात उतरंस्तोवर मी बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी लातुरात होडी उतरवली. नरसिंगनं तिच्या दोन्ही पोटांवरून हात फिरवला. जुना तडा होता तेवढाच होता. नवं काही नव्हतं. त्यानं शेषेरावला बोलावून हात लावायला लावला, साक्षीला. मग अवजारांची पिशवी खांद्याला मारून निघून गेला.

बाकं दुसऱ्यानं केली. आप्पासाहेबांनी शब्द पाळला. वाईट शब्द पाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. लातुरातल्या एकाही क्लासनं नरसिंगला काम दिलं नाही. तो माळेगावला परतला आणि वरातीच्या घोड्यांची खोगिरं करू लागला. वरातीचं घोडं म्हणजे काय, लाइटच्या माळा आणि वर घाबरलेला नवरदेव. तेही काही मोठं काम नव्हे. पण तो त्यालाही गेरू लावतो, आणि घोडेवाले कंटाळतात.

होडी पुन्हा कधी पाण्यात गेली नाही. क्लासच्या फाटकाजवळ त्याच चार खोगिरांवर बसून राहिली, आणि तिच्या अंगाला प्रवेशाचे फलक टांगू लागले. दोनेक वर्षांनी नरसिंग नमदा आणायला लातूरला गेला होता, तेव्हा त्या रस्त्यानं चालला होता. उजवीकडच्या खोगिरात कुणीतरी पाच इंची खिळा ठोकून 'रिपीटर बॅच सुरू' अशी पाटी लटकवली होती. लाकूड खिळ्यापासून उभं चिरत गेलेलं.

नरसिंगनं पिशवीतून पक्कड काढली, पाटी अलगद भिंतीला टेकवून ठेवली आणि खिळा उपटायला लागला. फाटकातला वॉचमन धावत आला.

"ओ, ओ! काय करून राहिले तुम्ही? मालकाला विचारलं का?"

नरसिंगनं खिळा बाहेर ओढला, त्याच्या हातावर ठेवला.

"ठोकताना मला कुणी विचारलं हुतं?"

नरसिंग बोटानं चीर किती खोल गेलीय ते बघत होता.